पिंजराबरोबर पोटॅश जातं : भातखाचराची सुपीकता राखायची कशी

एकरी एक पोतं युरियावर जे भात यायचं, त्याला आता दोन पोती ओतली तरी लोंबी भरत नाही, ही तक्रार सातारा-सांगलीकडच्या पाटण, जावळी, शिराळ्याच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर ऐकायला मिळते. मग युरियाला नावं ठेवली जातात. युरिया पूर्वी होता तसाच आहे, ४६ टक्के नत्राचा. फक्त २०१५ पासून त्याला निंबोळी तेलाचा लेप आला आणि २०१८ पासून पोतं ५० चं ४५ किलोचं झालं. फरक पडलाय तो खाचरात.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७०-७१ मध्ये देशभर दीर्घकालीन खत प्रयोग सुरू केले. तीच जागा, तेच पीक, तीच खतं, दर वर्षी. भाताची ठिकाणं त्यात होती, पुढे केरळातल्या पट्टांबीची जांभी जमीनही आली. या प्रयोगांतून निघालेली गोष्ट सरळ आहे. नुसतं नत्र दिलेल्या तुकड्यात उत्पादन उतरत जातं. नत्र-स्फुरद-पालाश (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश) तिन्ही दिले तर ते टिकतं, आणि जोडीला शेणखत दिलं तर उत्पादन आणि सेंद्रिय कर्ब दोन्ही राहतात. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६२ पासून चाललेल्या प्रयोगात वर्षाला दोन-तीन भातं घेऊन पाहिली. तिथे जमिनीतलं एकूण नत्र घटलं नव्हतं, तरी पूर्वीच्याच मात्रेला उत्पादन घसरत गेलं. जमीन सतत पाण्याखाली राहिली की काडीकचरा अर्धवट कुजतो आणि त्यातलं नत्र पिकाच्या हाती लागत नाही. मधे रान वाळू दिलं, नत्राची मात्रा आणि वेळ सुधारली, तेव्हा ते सावरलं. उन्हाळी भात घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आधी रानातून काय जातं ते बघा

एकरी २० क्विंटल भात आणि जवळपास तेवढंच पिंजर (भाताचा पेंढा) निघालं, तर पीक रानातून साधारण ३५ किलो नत्र, १४ किलो स्फुरद आणि ३६ किलो पालाश उचलून नेतं. नत्र आणि स्फुरद बरंचसं दाण्यात जातं. पालाशाचं उलटं आहे. दाण्यात फक्त ६ किलोच्या आसपास, उरलेला ३० किलो पिंजरात. म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या पोत्यातही पालाश ३० किलोच असतो. म्हणजे एकराचं पिंजर गंजीला लागलं की पोटॅशचं एक अख्खं पोतं रानातून उचलून आणलं, असं समजायला हरकत नाही.

आपल्याकडे पिंजर जाळत नाहीत, जनावराला घालतात, हे चांगलंच आहे. पण शेण होतं ते जातं कुठे? उसाला. कऱ्हाड, वाळवा, शिराळ्याच्या पूर्व भागात ज्याच्याकडे ऊस आणि भात दोन्ही आहे, त्याच्या ट्रॉल्या उसाच्या सरीकडेच वळतात, कारण पैसा तिथे दिसतो. डोंगराकडच्या खाचराच्या वाट्याला येतो तो तरव्याच्या (रोपवाटिकेच्या) राबापुरता पाटीभर शेणकूट, तोही जाळायला. अशा खाचरात युरिया वाढवला की फुटवे वाढतात, पिंजर वाढतं, आणि पालाशाची उचल आणखी वाढते. खत वाढवून जमीन लवकर रिकामी करण्याचा हा प्रकार आहे.

पूर्वेच्या मध्यम काळ्या जमिनीत चिकणमातीत पालाशाचा साठा मोठा असतो, तिथे हे वीस वर्षं कळतही नाही. महाबळेश्वर, पश्चिम पाटण, जावळीच्या तांबड्या-जांभ्या जमिनीत साठाच कमी आणि पाऊस धो-धो. तिथे लवकर उघडं पडतं. जुन्या पानांचं टोक आणि कड पिवळी पडून करपते, दाणा हलका भरतो, पानावर तपकिरी ठिपके येतात आणि भात लोळतो. या लक्षणांवर औषध फवारून पैसा जातो, कारण ती रोगासारखी दिसतात.

माती तपासणी : चुका कुठे होतात

नमुना काढायची वेळ एप्रिल-मे, रब्बी निघाल्यावर आणि शेणखत पसरण्याआधी. दर तीन वर्षांनी, पण त्याच महिन्यात. एकदा नोव्हेंबरच्या ओल्या रानातला आणि एकदा मेचा, अशी तुलना करू नका.

डोंगरउताराच्या खाचरांचा एकच नमुना काढणं ही सगळ्यात मोठी चूक. वरच्या खाचराची बारीक माती आणि खत वर्षानुवर्षं खालच्यात उतरलेलं असतं. वरचं, मधलं, खालचं असे तीन नमुने वेगळे करा. प्रत्येकात नागमोडी चालत ८ ते १० ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, एका बाजूने वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीची चकती कापा. बांधाजवळ, उकिरड्याच्या जागी, झाडाखाली काढू नका. सगळी माती मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, पुन्हा तेच, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. खताच्या रिकाम्या पोत्यावर वाळवली तर अहवाल खताच्या पोत्याचा येईल. जस्त तपासायचं असेल तर जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरू नका, प्लॅस्टिकचं घमेलं घ्या.

सातारा जिल्ह्यात बोरगाव आणि कऱ्हाडजवळचं कालवडे इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत, शिवाय सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांना मृद चाचणी प्रयोगशाळा आहेत. माती आम्ल असेल, सामू (पीएच) ६.५ च्या खाली, तर स्फुरद 'ब्रे' पद्धतीने काढायला सांगा. काळ्या जमिनीसाठीची 'ऑल्सन' पद्धत जांभ्याला लावली की आकडा फसवा येतो. जस्त ०.६ पीपीएमच्या (दहा लाखांत ०.६ भाग) खाली आणि गंधक १० पीपीएमच्या खाली असेल तर कमतरता धरायची. उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली असेल तर कमी. बहुतेक रानांत तसंच येतं, त्याचं फार मनावर घेऊ नका. सेंद्रिय कर्बाचा आकडा मात्र तीन-तीन वर्षांनी जोडून बघा. तो उतरत असेल तर बाकीचं सगळं त्याच वाटेने जाणार.

मात्रा : हेक्टरी नव्हे, गुंठ्यावर मोजा

सुधारित भाताला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश अशी शिफारस आहे, म्हणजे एकरी ४०:२०:२०. इंद्रायणीसारख्या वाणाला यापेक्षा नत्र वाढवलं की करपा आणि तुडतुड्याला आवतण दिल्यासारखं होतं. आंबेमोहर, काळभात अशा उंच जुन्या वाणांना हे निम्म्यावर आणा, नाहीतर ते लोळतात.

एकरी ४०:२०:२० साठी सिंगल सुपर फॉस्फेट १२५ किलो (अडीच पोती), म्युरेट ऑफ पोटॅश ३३ किलो आणि युरिया ८७ किलो लागतो. गुंठ्याला सुपर ३ किलो १०० ग्रॅम, पोटॅश सव्वाआठशे ग्रॅम, युरिया सव्वादोन किलोला थोडा कमी. आमचं मत विचाराल तर भाताला डीएपीपेक्षा (डायअमोनियम फॉस्फेट) सुपर बरा, कारण या अडीच पोत्यांतून साडेतेरा किलोच्या वर गंधक फुकट येतो. वर्षानुवर्षं डीएपी आणि युरियावर चाललेल्या रानात गंधक कुठूनच येत नाही. नवी पानं एकसारखी फिकट पिवळी दिसायला लागतात, शेतकरी त्याला नत्र कमी समजून पुन्हा युरियाच टाकतो. सुपर मिळालाच नाही तर १०:२६:२६ चे ७७ किलो आणि वर युरिया ७० किलो. नत्र-स्फुरद-पालाशाचा हिशेब तोच, गंधक मात्र त्यात धरू नका.

स्फुरदाचा आकडा अहवालात भरपूर आला असेल तर सुपर निम्म्यावर आणा. साठलेला जादा स्फुरद पिकाला विषारी नसतो, पण तो जस्ताची वाट अडवतो.

पोटॅश जांभ्या, हलक्या रानात एकदम टाकू नका. निम्मा चिखलणीला, निम्मा पोटरीच्या आधी, लोंबी खोडात धरायच्या वेळी. काळ्या रानात सगळा चिखलणीला चालतो.

युरिया टाकायची पद्धत

इथे सगळ्यात जास्त नुकसान आहे, म्हणून जरा थांबून बघू. खाचरात चार बोटं पाणी आहे आणि वरून युरिया फेकला. दोन ते चार दिवसांत तो पाण्यात अमोनियम होतो. उन्हात पाण्यातलं शेवाळ वाढतं, दुपारी पाण्याचा सामू चढतो आणि अमोनिया वाऱ्यावर जातो. जो उरतो त्यातला थोडा चिखलाच्या वरच्या पातळ थरात, जिथे हवा असते, तिथे नायट्रेट होतो. ते खाली झिरपलं की हवा नसलेल्या चिखलात त्याचा वायू होऊन उडतो. आणि पाऊस लागला तर वरच्या खाचराचं खत बांधाच्या तोंडातून खालच्या खाचरात, तिथून ओढ्याला.

म्हणून क्रम असा ठेवा. टाकायच्या आदल्या दिवशी पाणी सोडून द्या, नुसता चिखल राहू द्या. बांधाची तोंडं मातीने बंद करा, पहिली वरच्या खाचराची. युरिया टाका आणि लगेच कोळपं किंवा हातकोळपणीने चिखलात मिसळा. २४ तासांनी पाणी घ्या, दोन-तीन बोटं. पाऊस धरून आला असेल तर त्या दिवशी पोतं फोडूच नका. वाटणी तीन वेळा : चिखलणीला ३५ किलो, लागणीनंतर २५ दिवसांच्या आसपास फुटव्याला ३५, आणि पोटरीच्या आधी १७. फुटव्याची पाळी चुकली तर पोटरीला दुप्पट टाकून ती भरून निघत नाही. फुटवे तोवर ठरलेले असतात.

शिराळ्याच्या धूळवाफ पेरणीला हे वेळापत्रक चालणार नाही. मेअखेर कोरड्या रानात कुरीने पेरताना युरिया दिला, तर वळवाच्या ओलीवर त्याचं नायट्रेट होऊन बसतं आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रान तुंबलं की ते झिरपून किंवा उडून जातं. पेरताना बियाखाली सुपर आणि पोटॅश द्या, नत्र जवळपास काही नको. पहिली कोळपणी आणि भांगलण झाल्यावर, तीन आठवड्यांनी, युरियाचा पहिला हप्ता. आधी तण काढा. तणाला युरिया भातापेक्षा आधी लागू पडतो.

गोळ्या : चारसूत्री लागण

डॉ. नारायण सावंत यांनी बसवलेली चारसूत्री पद्धत डोंगरी खाचराला चपखल आहे. दोरीला १५ आणि २५ सेंटिमीटरवर आळीपाळीने खुणा करा, ओळीही तशाच १५-२५ घ्या. म्हणजे चार चुडांचा (रोपांच्या जुडग्यांचा) १५ बाय १५ चा चौकोन होतो. लागण झाली त्याच दिवशी, चिखल मऊ असताना, चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी अंगठ्याने ७ ते १० सेंटिमीटर खोल दाबा आणि वरचं भोक बुजवा. गुंठ्याला ६३० च्या आसपास गोळ्या, वजनात १ किलो ७०० ग्रॅम. एकराला ६८ किलो. त्यातून नत्र २४ आणि स्फुरद साडेबारा किलो मिळतो. नत्र खोल चिखलात राहत असल्याने एवढ्यावर भागतं, पुन्हा युरिया टाकायचा नसतो.

दोन ठिकाणी हे फसतं. गोळीत पालाश नसतो. गोळ्या लावल्या म्हणजे खत झालं असं समजून पोटॅश विसरला जातो, आणि चार-पाच वर्षांत तीच जमीन पालाशाला उपाशी पडते. आणि मुरमाड, पाणी न धरणाऱ्या खाचरात गोळी खाली झिरपून जाते. तिथे हप्त्याने युरियाच बरा.

याच पद्धतीत तरव्याला भाताच्या तुसाची काळी राख सांगितली आहे, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, मातीत मिसळून. भात सिलिका खूप उचलतं आणि ही राख ती परत देते; रोपं ताठ निघतात. राब भाजण्याला हा चांगला पर्याय आहे. राबाने तण मरतं, राख मिळते हे खरं, पण शेण आणि टाहाळ्यातलं नत्र आणि गंधक धुरात जातं. जे शेण खाचरात पडायला हवं, ते दर मे महिन्यात तिथेच जळतं.

शेण आणि मूत्र परत कसं न्यायचं

एका ट्रॉलीत अडीच टनांच्या आसपास कुजलेलं खत बसतं. त्यात नत्र १२, स्फुरद ५-६ आणि पालाश १२ किलोच्या आसपास. एकरी दोन ट्रॉल्या, आणि वरचा २० किलो पालाश पोत्यातून : पिंजराने नेलेली तूट इथे भरते. नत्र मात्र पहिल्या वर्षी त्यातलं थोडंच लागू होतं, म्हणून युरिया लगेच निम्म्यावर आणू नका. पाव हिस्सा कमी करून बघा.

हे आकडे चांगल्या खताचे आहेत. पावसाळाभर उघड्यावर पडलेल्या उकिरड्याचे नाहीत. जनावर जो पालाश खातं तो बहुतेक मूत्रातून बाहेर येतो. गोठ्याची जमीन मातीची असेल तर मूत्र जागीच मुरतं, फरशी असेल तर गटारात जातं. दोन्हीकडे खाचराचा वाटा गेला. जनावराखाली पिंजराचा चुरा आणि कोरडी माती पसरा, रोज सकाळी भिजलेला थर शेणासकट उकिरड्यावर टाका. नाहीतर फरशीला उतार देऊन मूत्र एका खड्ड्यात घ्या आणि ते उकिरड्यावरच शिंपडा. उकिरडा उंचवट्यावर हवा, भोवती चर आणि वर गवताचं छप्पर किंवा ताडपत्री. जुलैत उकिरड्याच्या बुडातून काळपट तांबूस पाणी वाहताना दिसतं, ते पोटॅश आहे. मे महिन्यात खत रानात नेलं की ढीग महिनाभर वाळत ठेवू नका. पसरलं त्याच दिवशी नांगरा.

शेण कमीच असेल तर बांधावर गिरिपुष्प लावा. जूनमध्ये मनगटाएवढ्या जाडीच्या, तीन-चार फूट लांब फांद्या एकेक मीटरवर रोवल्या की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून पाला मिळतो. चिखलणीच्या आठवडाभर आधी गुंठ्याला ३० किलो कोवळा पाला पसरून चिखलात गाडा. हिरवळीच्या खताचा धैंचा-ताग चांगलाच, पण त्याला मे महिन्यात पाणी लागतं आणि डोंगराकडे तेच नसतं. कापणीला वीतभर धसकटं उंच ठेवली आणि वाफसा असतानाच नांगरून टाकली, तर पालाश थोडा तरी जागेवर राहतो. कारखान्याजवळच्या गावांना प्रेसमड (उसाच्या रसाच्या गाळणीतला गाळ) स्वस्तात मिळतो. तो तीन-चार महिने कुजवल्याशिवाय टाकू नका, ताजा तापतो आणि रोपं पिवळी पाडतो.

जस्त, आणि रब्बीचं थोडं

लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांनी खालच्या पानांवर गंजासारखे तांबूस ठिपके, रोपं खुजी, खाचरात चट्टे चट्टे : हा खैरा, म्हणजे जस्ताची कमतरता. साचलेल्या पाण्यात जस्त पिकाला मिळेनासा होतो, त्यात जादा स्फुरद. एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून शेवटच्या चिखलणीला द्या, दोन-तीन हंगामांतून एकदा. सुपर किंवा डीएपीबरोबर एकत्र कालवू नका. उभ्या पिकात दिसला तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा. ओढ्याकाठच्या, झऱ्याचं पाणी पाझरणाऱ्या जांभ्या खाचरात असेच ठिपके लोहाच्या अतिरेकानेही येतात. तिथे पाण्यावर तेलासारखा तवंग आणि मुळांवर विटकरी लेप दिसतो. त्यावर झिंकचा उपयोग नाही, पाणी सोडून रान आठवडाभर वाळू द्यावं लागतं.

आम्ल जमिनीला भातासाठी चुना टाकायची घाई नको. पाण्याखाली गेली की अशी जमीन आपोआप उदासीनतेकडे येते आणि अडकलेला स्फुरदही सुटा होतो. रान वाळलं की दोन्ही मूळपदावर. म्हणून भातामागचा हरभरा, घेवडा किंवा भुईमूग खरा अडतो. सुपरचा मोठा वाटा आणि लागलाच तर चुना त्या पिकाला द्या. अमोनियम सल्फेट मात्र जांभ्या रानात टाळा. नत्राच्या किलोमागे तो युरियापेक्षा तिप्पट आम्लता आणतो.

स्वतःच्या रानात वजन करून बघा

अहवाल अंदाज देतो, रानातलं वजन पुरावा देतं. मधल्या खाचरात अर्ध्या-अर्ध्या गुंठ्याचे तीन तुकडे खुंट्या मारून आखा. मधे वीतभर उंच बांध घाला आणि प्रत्येकाला पाणी वेगळं द्या, नाहीतर खत इकडून तिकडे जाईल. एकात पूर्ण मात्रा, दुसऱ्यात पोटॅश सोडून बाकी सगळं, तिसऱ्यात झिंक सोडून बाकी सगळं. वाण, रोपाचं वय, लागणीचा दिवस एकच. तिन्ही एकाच दिवशी कापा, वेगवेगळे झोडपा, सारखेच वाळवा आणि मग तागडीत घाला. एकरी २० क्विंटलचं रान असेल तर पूर्ण मात्रेच्या तुकड्यात २५ किलो यायला हवेत. दुसऱ्या तुकड्यात अडीच किलो किंवा जास्त घट आली तर पालाश अडतोय. किलोभराचा फरक सोडून द्या, तो चिमण्या आणि मोजणीतला असू शकतो. पिंजरही तोला, पालाशाची घट तिथे कधी कधी आधी दिसते. कापणी झाली तरी खुंट्या उपटू नका. पुढच्या वर्षी तेच तुकडे, तीच खतं.